फुस्तातच्या छापील चिंध्या आणि अभ्यासकांचे कागद: कार्डावरचा प्रत्येक शब्द पहिल्यांदा कोणी लिहिला?

जुनी_चिठ्ठी

आजच्या कैरोच्या दक्षिण भागात जुनं फुस्तात शहर होतं. तिथल्या उकिरड्यांतून निघालेल्या भारतीय छापील सुती कापडाच्या चिंध्या आज जगभरच्या संग्रहालयांत पोचल्या आहेत. त्यातला एक फार मोठा साठा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, १,२०० हून जास्त तुकडे. पर्सी न्यूबेरी या इजिप्तच्या अभ्यासकाने ते जमवले आणि १९४६ साली संग्रहालयाला दिले. त्यांची सविस्तर सूची रूथ बार्न्स यांनी केली, ती १९९७ साली छापली गेली. न्यूबेरीचा पत्रव्यवहार त्याच गावात, ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये आहे. म्हणजे कापड एका इमारतीत आणि कागद दुसऱ्या.

चर्चेचा हा धागा काढण्याचं कारण असं. संग्रहालयाच्या कार्डावर चार गोष्टी एका दमात लिहिलेल्या असतात: कुठे सापडलं, कुठे बनलं, केव्हा बनलं, कसं बनलं. वाचणाऱ्याला चारही सारख्याच पक्क्या वाटतात. प्रत्यक्षात त्या चार वेगळ्या माणसांकडून, चार वेगळ्या दशकांत आलेल्या असतात. ‘फुस्तात’ हा शब्द बहुतेक वेळा विकणाऱ्या व्यापाऱ्याचा असतो. न्यूबेरीचे तुकडे बाजारातून घेतलेले, कोणत्या ढिगातून, कोणत्या थरातून निघाले याची नोंद त्यांच्यासोबत नाही. ‘गुजरात’ हा निष्कर्ष आहे. रंगांचं रासायनिक पृथक्करण करणारे आणि प्राचीन कापडांवर काम करणारे आर. फिस्टर यांनी १९३८ साली पॅरिसहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या कापडांची नक्षी पश्चिम भारतातल्या नक्षीशी ताडून तो मांडला. ‘अमुक शतक’ पूर्वी नक्षीवरून ठरत असे, आता काही तुकड्यांपुरतं ते प्रयोगशाळेतून येतं. तंत्राची नोंद सूचीकाराच्या डोळ्यांची.

म्हणून अभ्यासकाच्या कागदांत शिरताना कापडाची ‘गोष्ट’ शोधू नये. कार्डावरचा एकेक शब्द घ्यावा आणि तो सगळ्यात आधी कोणाच्या हातचा, कोणत्या पुराव्यावर लिहिला गेला, तिथवर मागे जावं. या वाटेवर काय काय हाती लागतं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे एकत्र करू या.

आडवा_उभा

कागदांकडे जाण्याआधी कापडाची स्वतःची नोंद पूर्ण हवी, नाहीतर पत्रातलं वर्णन कोणत्या तुकड्याचं आहे हे ओळखताच येत नाही.

पहिली गोष्ट पीळ. दहापट भिंगाखाली धागा उभा धरा. तंतू वरच्या उजव्या बाजूने खालच्या डाव्या बाजूला उतरत असतील तर झेड-पीळ, उलट असतील तर एस-पीळ. भारतीय सुती कापडात ताणा आणि बाणा दोन्ही झेड असतात, इजिप्तमधलं लिनन परंपरेने एस. एवढ्यावरून ‘भारतीय’ असा शिक्का मारू नये, कारण येमेन, इराक, इराणकडचं सूतही झेड-पिळाचं असतं. पीळ झेड, सूत कापसाचं आणि वर तुरटी-लोखंडाच्या किंवा मेणाच्या कामाची छपाई, असं तिन्ही जुळलं की मग बोलावं.

दुसरी गोष्ट शिवण. या चिंध्यांतल्या कित्येकांना दुमड, जोड, ठिगळं आहेत. शिवणीचा दोरा एस-पिळाचा लिननचा असेल तर कापड भारतातून थान म्हणून गेलं आणि बेतलं-शिवलं तिकडे, असं म्हणायला आधार मिळतो. हा दोरा मळका आणि सुटत आलेला असतो, त्यामुळे धुताना किंवा सपाट करताना सगळ्यात आधी तोच जातो. तो गेला की त्या कापडाच्या वापराचा अर्धा पुरावा गेला.

तिसरी, ठशाची पुनरावृत्ती. दोन संग्रहालयांतले दोन तुकडे एकाच ठशाचे आहेत का, हे पाहायला लोक मिलिमीटर मोजतात. कापड धुताना ताणलेलं किंवा आटलेलं असतं, मापं पाच-सात टक्क्यांनी सहज हलतात. त्याऐवजी एका नक्षीपासून पुढच्या तशाच नक्षीपर्यंत किती ताण्याचे आणि किती बाण्याचे धागे येतात ते मोजा. तो आकडा ताणल्याने बदलत नाही. मात्र हे एकाच थानाच्या तुकड्यांना लागू. थान वेगळं असेल तर ठशाचा दोष शोधायचा: तुटकी रेघ, उडालेला ठिपका, टवका. तोच दोष ठरावीक अंतराने दोन्हीकडे दिसला तर ठसा एक.

आणि एक जुना घोळ. काचेच्या निगेटिव्हवरून उलटा छापलेला फोटो. त्यात झेडचा एस होतो आणि नक्षीतला हंस उलट्या दिशेला बघतो. पत्रासोबत आलेल्या फोटोवरून पीळ किंवा नक्षीची दिशा कधीही नोंदवू नका. मूळ कापडाचा काठ किंवा फाट फोटोशी जुळवून आधी खात्री करा.

ओवी

फुस्तातमध्येच गेनिझाची कागदपत्रं सापडली ना? व्यापाऱ्यांची पत्रं, याद्या, हिशेब. मग त्यातल्या एखाद्या पत्रातलं कापड आणि ही चिंधी अशी जोडी लावता येते का?

सातासमुद्रापार

ओवी, थेट जोडी नाही लागत. का नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

फुस्तातच्या बेन एझ्रा सिनॅगॉगच्या एका खोलीत, तीच गेनिझा, ज्यू लोकांनी शतकानुशतकं जुने कागद टाकले, फाडून फेकले नाहीत. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला, एकट्या केंब्रिजमध्ये सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यातून भारताशी चाललेला व्यापार बाहेर काढला तो शेलोमो गोइटाइन (१९००-१९८५) यांनी. त्यांनी मागे ठेवलेली टाचणकार्डं सुमारे २७,००० आहेत. मूळ कार्डं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि प्रिन्स्टनच्या गेनिझा प्रयोगशाळेने त्यांच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. कपडे, रंग, विणकर, रंगारी, नवरीच्या सामानाच्या याद्या अशा विषयांवर ती लावलेली. येदिदा स्टिलमन यांनी याच परंपरेत नवरीच्या याद्यांवरून इजिप्तमधल्या बायकांच्या पोशाखावर १९७२ साली प्रबंध केला. या याद्यांत प्रत्येक वस्त्रापुढे दिनारात किंमत असते, म्हणून त्या कापडाच्या अभ्यासाला फार मोलाच्या.

भारताचे धागे त्यात आहेतच. जोसेफ लेब्दी हा व्यापारी ११व्या शतकाच्या अखेरीस नहरवाऱ्याला, म्हणजे गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणला गेला होता, त्याच्या खटल्यांची कागदपत्रं आहेत. अब्राहम बेन यिजू ११३२ पासून ११४९ पर्यंत मुख्यतः मलबारात होता. पत्रांत भारतातून येणाऱ्या कापडांचे उल्लेख येतात, ‘फूटा’ नावाचं अंगावर गुंडाळायचं वस्त्र त्यातलंच.

पण काळाचा सांधा बघा. गेनिझाचा भरगच्च भाग ११व्या ते १३व्या शतकातला. छापील चिंध्यांतल्या बऱ्याचशा त्यानंतरच्या, १३व्या शतकापासून पुढच्या. ११६८ साली फुस्तात जाळलं गेलं, पुढे ओस पडलेल्या भागांवर कैरोचा केर पडत राहिला. त्या केरात आलेली चिंधी फुस्तातमध्ये राहणाऱ्या कोणी वापरली असेलच असं नाही. शिवाय पत्र लिहिणारा व्यापारी नग, किंमत, कोणाच्या हाती पाठवलं हे लिहितो, नक्षी सांगत नाही. ‘लाल, हंसांची रांग असलेलं’ असं कोणी लिहीत नाही. म्हणून गेनिझावरून व्यापाराची घडण कळते, विशिष्ट तुकड्याची कुळी नाही.

गोइटाइनची कार्डं वापरताना आणखी एक काळजी. कार्डावरचा हस्तलिखिताचा क्रमांक आजचा असेलच असं नाही. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाच्या कागदांना छापील सूचीतला क्रमांक वेगळा आणि ग्रंथालयाचा खणक्रमांक वेगळा. कार्डावर यातला एकच असतो, आणि तोच दुसऱ्या ठिकाणी टाकून शोधलं की भलताच कागद निघतो. आधी दोन्ही क्रमांक शेजारी देणारा जुळणीतक्ता उघडा, मग मूळ कागदाची प्रतिमा बघा. कार्ड म्हणजे गोइटाइनचं वाचन. त्यांनी स्वतःच पुढे अनेक वाचनं बदलली, त्यामुळे कार्डावरचा अर्थ आणि नंतर छापलेला अर्थ यांत फरक दिसला तर छापलेला धरावा आणि फरक टिपून ठेवावा.

हिरडा

‘कसं बनलं’ या रकान्याबद्दल लिहितो, कारण कार्डांवर तिथेच सर्वांत जास्त ढिसाळपणा असतो. ‘ठशाने छापलेलं’ एवढं लिहून मोकळे होतात. ठशाने काय छापलं? मेण, तुरटी की लोखंडाचं पाणी?

निळ्या तुकड्यात बहुधा मेणासारखा रोध (रंग चढू न देणारा थर) ठशाने लावून कापड निळीच्या कुंडात बुडवलेलं असतं. कुंड थंड असतं म्हणून मेण टिकतं. रंग दोन्ही अंगांना जवळपास सारखा, नक्षी पांढरी, आणि मेण तडकलं असेल तिथे केसासारख्या निळ्या रेघा. लाल तुकड्यात दोन शक्यता. एक, तुरटीच (ही बंधक, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारी) घट्ट करून ठशाने लावली आणि मग कापड आल किंवा मंजिष्ठा या लाल रंगाच्या मुळांच्या पाण्यात उकळलं: तुरटी लागली तिथेच लाल चढतं, आणि पाठीमागे रंग फिका असतो कारण तुरटी पूर्ण आरपार गेलेली नसते. दोन, आधी रोध छापला, मग सगळ्या कापडाला तुरटी दिली: लाल जमिनीवर पांढरी नक्षी येते. इथे लोक विचारतात, उकळत्या रंगात मेण वितळेल की. वितळतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. रोध फक्त तुरटी देताना टिकायला हवा.

काळ्या रेघा लोखंडाच्या. हिरड्याच्या तुरटपणाशी लोखंड मिळून काळं होतं, आणि तेच लोखंड शतकांनंतर कापूस कुजवतं. म्हणून कित्येक तुकड्यांत काळी रेघ होती तिथे आता नुसती फट आहे. सूचीत ‘झिजलेलं’ असं लिहिलेलं सापडलं की ती झीज रेघेच्या आकाराची आहे का ते पाहा. असेल तर ती काळ्या रंगाची नोंद आहे.

हे सगळं इतक्या खात्रीने वाचता येतं त्यामागे एक विलक्षण कागद आहे. बोलिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने पॅरिसच्या द्यु फे या रसायनतज्ज्ञाच्या सांगण्यावरून १७३४ च्या सुमारास पुदुच्चेरीत छिटाचं काम समोर बसून पाहिलं आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याच कापडाचा एक तुकडा कापून टिपणाला जोडला. ते हस्तलिखित पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि २०व्या शतकात पी. आर. श्वार्त्झ यांनी ते अभ्यासकांपुढे आणलं. म्हशीचं दूध आणि हिरडा यांत कापड भिजवणं (दुधातल्या स्निग्धामुळे पातळ बंधक पसरत नाही), कोळशाच्या पुडीने आराखडा उतरवणं, काळ्यासाठी लोखंडी पाणी, लालसाठी तुरटी, मग रंगात उकळणं, शेणाच्या पाण्यात टाकून उन्हात वाळवत नको तिथला लालसर डाग घालवणं, मेण लावून नीळ, उकळत्या पाण्यात मेण काढणं, शेवटी पिवळं, आणि निळ्यावर पिवळं चढवून हिरवं. तुरटीचं पाणी बिनरंगी, म्हणून कारागीर त्यात पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा रंग घालतो, कुठे लावलं हे दिसावं यासाठी. ही बारीक गोष्ट नुसतं तयार कापड बघून कोणालाही कळली नसती, कारण धुतल्यावर पतंग निघून जातो.

बुऱ्हाणपूर_वाट

हिरडा, पटलं, पण एक हरकत नोंदवतो. बोलिएचं टिपण कोरोमंडल किनाऱ्याचं, कलमाने रंगवलेल्या कापडाचं आणि १८व्या शतकातलं. फुस्तातचं कापड पश्चिम भारताचं, ठशाचं, तीन-चारशे वर्षं आधीचं. जवळचा कागद हवा असेल तर जॉर्ज रोक या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने १६७८ च्या सुमारास लिहिलेलं हस्तलिखित. त्यात अहमदाबादची ठशाची छपाई आहे, बुऱ्हाणपूर आणि सिरोंजही आहे. तेही श्वार्त्झ यांनीच प्रसिद्धीला आणलं. पण रोक हा माल घेणारा. त्याचं लक्ष कारागीर कुठे फसवतो, रंग कुठे कच्चा राहतो यावर. माल खराब कसा होतो हे त्याच्याकडून शिकावं, रसायन मात्र प्रयोगशाळेकडून.

लालाच्या ओळखीचं थोडक्यात. प्रयोगशाळेला तीन ते पाच मिलिमीटरचा धागा पुरतो, त्यातली रंगद्रव्यं वेगळी करून बघतात. मोरिंडोन निघालं तर आल. अ‍ॅलिझरिन आणि परप्युरिन दोन्ही भरपूर तर पश्चिमेकडची मंजिष्ठा. मुंजिस्टिन आणि परप्युरिन, अ‍ॅलिझरिन नाममात्र, तर आपली मंजिष्ठा. अ‍ॅलिझरिन आहे पण परप्युरिन नाही, तर दक्षिणेतलं चाय नावाच्या झुडपाचं मूळ. म्हणजे ‘गुजरात की कोरोमंडल’ या प्रश्नाला नक्षीबाहेरचा एक पुरावा मिळतो. तोही अर्धाच, कारण मुळं आणि सालीसुद्धा व्यापारात फिरत असत.

जुनी_चिठ्ठी

बुऱ्हाणपूर_वाट यांची हरकत रास्त आहे. शंभर वर्षं आधीचा कागदही शंभर वर्षं नंतरच्या कापडाचा साक्षीदार होत नाही, नंतरचा तर मुळीच नाही. त्यातून तंत्राची शक्यता कळते एवढंच.

काळाच्या रकान्याबद्दल. बार्न्स यांनी न्यूबेरी संग्रहातल्या निवडक तुकड्यांची कार्बन-१४ चाचणी करून घेतली, आणि काही तुकडे १०व्या-११व्या शतकापर्यंत मागे गेले. कापसाला या चाचणीत एक फायदा आहे: तो वर्षात उगवून वेचला जातो, जुन्या लाकडासारखा आधीच शेकडो वर्षांचा नसतो. दहा-वीस मिलिग्रॅम सूत पुरतं. अडचणी दोन. जुन्या डागडुजीतला गोंद किंवा खळ राहिली तर तारीख हलते, म्हणून डागडुजीची टिपणं चाचणीआधी वाचायला हवीत. दुसरी, १४व्या शतकाच्या आसपास तुलनावक्र (मोजणीवरून सनावळी काढायचा आलेख) मागे-पुढे वळतो, त्यामुळे एकाच मोजणीला दोन वेगळे काळ लागू होतात, एक १३०० च्या बाजूचा आणि एक १४०० च्या. कार्डावर यातला एकच छापलेला असतो. अहवाल मागून घ्या आणि दोन्ही पट्टे नोंदवा.

थरातून निघालेलं कापड वेगळं का मोलाचं, हेही इथेच कळतं. लाल समुद्रावरच्या कुसैर अल-कदीम बंदरात शिकागो विद्यापीठाने १९७८ ते १९८२ दरम्यान उत्खनन केलं. तिथे अशाच छापील चिंध्या थरासकट मिळाल्या. न्यूबेरीचा नुसता तुकडा अशा तुकड्याशी जुळला तर त्याला उसना का होईना, थर मिळतो.

पोथीवाचक

फिस्टरच्या तुलनेबद्दल पुरवणी. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांच्या चित्रांत वस्त्रांवर हंस, वर्तुळं, फुलांच्या जाळ्या आहेत, आणि पोथ्यांच्या शेवटी लेखनाचं संवत दिलेलं असतं. त्यामुळे कापडाच्या नक्षीला तारखेचा एक खुंटा मिळतो. जैन पोथ्यांचे चांगले संग्रह पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत, तेव्हा हे काम मराठी अभ्यासकाला घराजवळ करता येईल. तारीख मात्र चित्राची असते. नक्षी चित्रात येण्याआधी आणि गेल्यानंतरही कापडावर चालत राहते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी वारशाने जपलेली गुजराती छापील कापडं आहेत, काहींची कालनिश्चिती १४व्या-१५व्या शतकातली, आणि त्यांची नक्षी इजिप्तच्या तुकड्यांशी मिळते. इजिप्तमध्ये वीतभर चिंधी, तिकडे काही मीटर सलग कापड. पूर्ण मांडणी, पदर, काठ कसे होते ते तिकडचं कापड बघूनच कळतं.

ठाणेकर_आजोळ

मार्को पोलोने ठाण्याहून चांगलं सुती कापड बाहेर जातं असं लिहिलंय. मग फुस्तातच्या चिंध्यांत ठाण्याचं कापड असेल का?

सातासमुद्रापार

ठाणे हे त्या काळातलं मोठं बंदर, तिथून कापड जाई, हे खरं. पण एखादा तुकडा दाखवून ‘हा ठाण्याचा’ म्हणायला नक्षी, रंग, सूत यातला एकही पुरावा आज नाही. बंदराचं नाव हे जहाजात चढल्याचं ठिकाण. विणलं कुठे, छापलं कुठे, ही आणखी दोन ठिकाणं असू शकतात.

आडवा_उभा

हाच घोळ १९व्या शतकातही आहे. फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडांचे नमुने चिकटवून १८ खंडांचे २० संच केले, प्रत्येकात ७०० नमुने. १३ संच ब्रिटनमध्ये वाटले, ७ भारतात पाठवले. नमुन्यासोबत मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि गाव. इतकी माहिती देणारा कापडाचा संग्रह त्या काळात दुसरा सापडणं कठीण. पण गाव कधी विणल्याचं, कधी नुसतं मिळवल्याचं. आणि लुगडी-पागोटी कापून हे तुकडे केले, त्यामुळे काठ आणि पदर यांची जागा हरवते. लेबलावरचं मूळ कापडाचं वजन आणि लांबी-रुंदी घेऊन दर चौरस वाराचं वजन काढा, मग धाग्यांची घनता मोजा. दोन्ही जुळत नसतील तर लेबल दुसऱ्या कापडाचं असण्याची शक्यता तपासा.

ओवी

कोणाला प्रत्यक्ष कागद बघायला जायचं असेल तर सुरुवात कशी करावी?

जुनी_चिठ्ठी

आधी संग्रहाची वर्णनसूची मागवा आणि पत्रव्यवहार कोणाच्या नावाने लावलाय ते बघा. महत्त्वाची गोष्ट: अभ्यासकाच्या कागदांत त्याला *आलेली* पत्रं असतात. त्याने *लिहिलेली* पत्रं समोरच्याच्या कागदांत. न्यूबेरीने एखाद्याला ‘हा तुकडा अमुक दुकानातून घेतला’ असं लिहिलं असेल तर ते ग्रिफिथमध्ये नव्हे, ज्याला लिहिलं त्याच्या दप्तरात मिळेल. म्हणून समोरच्या नावांची यादी करून त्यांचे कागद कुठे गेले ते शोधा. नावांची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे टाका, फुस्तात हे ‘फोस्तात’ असंही लिहिलेलं असतं.

कागदाला हात लावताना हातमोजे नकोत, स्वच्छ कोरडे हात पुरतात, मोज्याने कडा फाटतात. शिसपेन्सिलच. टाचण्या काढू नका: गंजाचा डाग चिठ्ठीवर आणि कापडावर एकाच जागी असेल तर ती चिठ्ठी त्याच तुकड्याची होती हे त्यावरूनच सिद्ध होतं. पाकीट, शिक्का आणि मागची बाजू यांचेही फोटो घ्या, पत्रावर साल नसेल तर शिक्क्यावर असतं. गठ्ठ्यातला क्रम बदलू नका.

हिरडा

तक्त्याचे रकाने मी असे ठेवीन: संग्रहालयाचा क्रमांक, अभ्यासकाचा स्वतःचा क्रमांक, जुन्या चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा चुकांसकट, अक्षर कोणाचं, पीळ, सेंटिमीटरला धागे, रोध की बंधक, पाठीचा रंग, काठ आहे का, शिवणीचा दोरा, पुनरावृत्ती धाग्यांत, पहिला उल्लेख कोणाचा आणि कोणत्या कागदात. दोन क्रमांक एका रकान्यात कधीच नकोत. अभ्यासकाचा १४२ आणि संग्रहालयाचा १४२ यांची गल्लत झाली की ती पुढच्या प्रत्येक सूचीत उतरत जाते.

आडवा_उभा

त्यात एक रकाना वाढवा: ‘धुतलंय का, केव्हा’. डागडुजीच्या नोंदवहीत मिळतं. १९व्या-२०व्या शतकात चिंध्या धुऊन पुठ्ठ्यावर शिवायची रीत होती, आणि पुठ्ठा बदलताना जुन्या पुठ्ठ्यावरचं शिसपेन्सिलचं लेखन बरेचदा फेकलं गेलंय. जुना पुठ्ठा कुठे ठेवलाय हे संग्रहालयाला लेखी विचारा, क्रमांकासह. नुसतं ‘काही नोंदी आहेत का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘या क्रमांकाचा जुना पुठ्ठा, त्याचा फोटो किंवा बदलल्याची नोंद’ असं विचारलं तर कोणीतरी पेटी उघडून बघतं.

ओवी

बार्न्स यांच्या सूचीतले क्रमांक आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचे क्रमांक जुळवून निळ्या तुकड्यांपासून तक्ता सुरू करते. पहिली पन्नास झाली की इथे टाकते, पीळ आणि पाठीचा रंग हे रकाने रिकामे असतील, कारण फोटोवरून ते भरायचे नाहीत.

आडवा_उभा

बरोबर. काठ आणि शिवण मात्र चांगल्या फोटोत दिसतात, ते भरा आणि शेजारी ‘फोटोवरून’ असं लिहा.